ओढ्यातले मासे आणि नागपूरचा मे महिना

नागपुरातल्या मानेवाड्याहून एका आईचं पत्र आलं आहे. थोडं आखडून देते.

“ताई, नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही माझ्या माहेरी, काटोल तालुक्यात गेलो होतो. शेताच्या धुऱ्याला लागून ओढा आहे. माझ्या दहा वर्षांच्या मुलाने आणि त्याच्या मामेभावाने जुन्या ओढणीने नऊ मासे धरले आणि बाटलीत घालून नागपूरला आणले. गोल काचेच्या भांड्यात ठेवले, तर दुसऱ्याच दिवशी दगडाला चिकटून बसणारा एक मेला. मुलगा रडत विचारत होता, ‘आई, तो काहून मेला?’ मग यांनी दोन फुटांचा टँक, हवेचा छोटा पंप, रंगीत खडे आणि सोबत म्हणून दोन गोल्डफिश आणले. ओढ्यातले आठ उरलेत. चौघांच्या अंगावर डोळ्यापासून शेपटीपर्यंत काळी रेघ आहे, तिघांच्या अंगावर दोन-दोन काळे ठिपके आहेत आणि एक लांबट, बारीक मिशांचा मासा दिवसभर खड्यांत लपून असतो. तीन दिवसांत पाणी गढूळ होतं, म्हणून मी सगळं रिकामं करून खडे साबणाने धुते. तरी पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात. दुकानदार म्हणतो, रानातले मासे टिकत नाहीत, रंगीत घ्या. सासूबाई म्हणतात, मुक्या जिवाला कोंडू नका, अंबाझरी तलावात सोडून या. मुलगा म्हणतो, आपण सांभाळू आणि पुढच्या दिवाळीत अजून आणू. मी कोणाचं ऐकू? आणि तो मिशीवाला रात्री सर्रकन वर येतो, घोट घेतो, पुन्हा खाली जातो. तो मरायला टेकला आहे का?”

ताई, आधी निर्णय सांगते, कारणं मागून. मासे अंबाझरीत सोडू नका. काटोलच्या ओढ्यातही परत नेऊ नका. घरीच ठेवा आणि नीट ठेवा. मुलाचं ‘सांभाळू’ हे म्हणणं मला पटलं, ‘अजून आणू’ हे नाही.

आणल्यावर एक-दोन दिवसांत, दुसरा कुठलाही मासा त्यांच्यात न मिसळता, तुम्ही ते जिथून धरले तिथेच सोडले असते तर मी आनंदाने हो म्हटलं असतं. गोल्डफिश त्याच पाण्यात आले आणि ती वाट बंद झाली. दुकानातला मासा चार ठिकाणचं पाणी पिऊन आलेला असतो. त्याच्या कल्ल्यांत, कातडीवर परजीवी असू शकतात, आणि ते त्याला सोसत असले तरी ओढ्यातल्या माशाला सोसतीलच असं नाही. आठ मासे परत नेताना तुम्ही त्यांच्याबरोबर आणखी काय नेत आहात हे डोळ्यांना दिसणार नाही. डिसेंबरात ओढा आटत डोहांवर आलेला असतो. एका डोहात शेकडो जीव दाटीने राहतात, तिथे रोग शिरला तर त्यांना पळायलाही जागा नसते.

अंबाझरीचं कारण वेगळं आहे. अंबाझरी नाग नदीवरची. नाग कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. काटोलकडचं पाणी जाम नदीतून वर्धेला जातं. वर्धा आणि वैनगंगा यांची भेट होते ती थेट खाली, चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाजूला, आणि तिथून पुढे प्राणहिता सुरू होते. म्हणजे तुमचे मासे एका नदीच्या घरचे आणि अंबाझरी दुसरीच्या. शिवाय हे वाहत्या, उथळ पाण्यातले जीव, तलावात मोठ्या माशांच्या तोंडी जातील. गोल्डफिश तर तिथे कदापि सोडू नका. शोभेचे परदेशी मासे लोकांनी दयेपोटी तलावांत आणि धरणांत सोडले, म्हणून आज महाराष्ट्रात जाळ्यात ते काटेरी सकर मासे येतात. त्यांना खायला कोणी घेत नाही आणि जाळी मात्र फाटतात.

सासूबाईंचं म्हणणं तरीही उडवून लावू नका. कोंडलेल्या जिवाची त्यांना कणव आहे, आणि गोल भांड्यात आणि नंतरच्या तीन आठवड्यांत या माशांचे जे हाल झाले ते त्यांनी पाहिले आहेत. त्यांना सांगा की सोडून दिल्याने ते हाल संपणार नाहीत, आणि घरातच संपवायचा उपाय आहे.

आता हे मासे कोण ते बघू. काळ्या रेघेचे चार म्हणजे बहुधा रासबोरा डॅनिकोनियस. रेघ सरळ असते, वर पाठ पिवळसर-हिरवी, खाली पोट चांदीसारखं. एकेक बोटभर तर होतोच, कधी त्याहून मोठा. दोन ठिपक्यांचे तीन म्हणजे पेथिया टिक्टो. एक बारीक ठिपका कल्ल्यामागे, दुसरा मोठा शेपटीच्या आधी. दोन-अडीच इंचांचा मासा. नर रंगात आला की त्याच्या पाठीवरच्या परावर लाली चढते, ती बघण्यासारखी असते. दोघांचीही शास्त्रीय वर्णनं फ्रान्सिस हॅमिल्टनने 1822 साली, गंगेच्या माशांवर लिहिताना केली. मिशांचा लांबट तो मुरी. एक खात्री मात्र करून घ्या. मिशा तोंडाभोवती आखूड, बारीक असतील तर मुरीच. मिशा अर्ध्या अंगापर्यंत लांब असतील आणि परांना काटे असतील तर तो शेंगाळ्याचा पोरगा समजा, आणि मोठा झाल्यावर तो टिक्टो गिळेल. तुम्ही लिहिलेल्या रात्रीच्या घोटावरून मला मुरीच वाटते. त्याबद्दल शेवटी सांगते.

जो मेला, दगडाला चिकटून बसणारा, तो मल्या असणार. गारा मुल्या हे त्याचं शास्त्रीय नाव, आणि त्यातलं ‘मुल्या’ आपलं आहे. साइक्स नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने 1839 साली दख्खनच्या माशांची वर्णनं प्रसिद्ध केली तेव्हा इथल्या लोकांच्या तोंडची नावंच त्याने माशांना दिली. मुल्या त्यातला एक, महासीर या मोठ्या नदीमाशांमधला खुद्री दुसरा आणि एका मुरीचं ‘मूरे’ तिसरं. मल्याचं तोंड खालच्या बाजूला असतं, आणि ओठामागे गोल चकती असते. तिने तो वाहत्या पाण्यातल्या गोट्याला धरून राहतो आणि शेवाळ खरवडतो. वाहत्या पाण्यात सतत ताजा प्राणवायू त्याच्या कल्ल्यांवरून जातो, त्यावर तो जगतो. गोल भांड्यातलं पाणी उभं, वरचा उघडा भाग लहान, आणि आत नऊ मासे. सगळ्यात आधी त्याचा श्वास कोंडला. तुमच्या मुलाच्या ‘काहून’चं उत्तर हे आहे. त्याला ते असंच सांगा. आपल्या हातून काय चुकलं हे दहा वर्षांच्या मुलाला समजतं आणि झेपतंही.

आता आज संध्याकाळी काय करायचं ते. गोल्डफिश वेगळे काढा, बादलीत का होईना, हवेची नळी लावून. नंतर ते ज्याच्याकडे मोठा टँक आहे त्याला देऊन टाका. गोल्डफिश वीतभर वाढतो आणि खातो तेवढी घाण करतो. ओढ्यातल्या माशांना दोन दिवस खायला काही देऊ नका, त्याने ते मरत नाहीत. आणि सगळं पाणी काढून खडे साबणाने धुणं आजपासून बंद. साबणाचा अंश खड्यांत राहतो, तो माशाला विष आहे. त्याहून मोठं नुकसान दिसत नाही. माशांच्या मूत्र-विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसरे त्याचं नायट्रेट करतात, जे बरंच निरुपद्रवी असतं. हे जिवाणू खड्यांवर, फिल्टरच्या स्पंजवर, काचेवर वस्ती करतात आणि ती वस्ती पुरती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही दर तीन दिवसांनी ती साबणाने पुसून टाकलीत, म्हणून पाणी पुन्हा पुन्हा गढूळ झालं आणि मासे पहाटे वर येऊन तोंड उघडत राहिले. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशाचा श्वास तोडतात.

म्हणून पुढचा महिनाभर रोज चौथाई पाणी बदला, सगळं नाही. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं. ते पाणी आदल्या दिवशी काढून, तोंड उघडं ठेवून, चोवीस तास राहू द्या. घाई असेल तर दुकानात क्लोरिन मारायचे थेंब मिळतात. स्पंज पिळायचा तर टँकमधूनच काढलेल्या पाण्यात पिळा, नळाखाली धरू नका. अमोनिया आणि नायट्राइट तपासायचा साधा संच घ्या. त्या बाटल्यांतले रंग बघणं मुलाला आवडेल, आणि दोन्ही शून्यावर आले की तुम्हाला कळेल की वस्ती बसली. तेव्हा आठवड्यातून एकदा चौथाई पाणी बदललं तरी पुरतं.

बोअरचं पाणी वापरत असाल तर थांबा. आपल्याकडे बऱ्याच बोअरचं पाणी जड आणि क्षारांचं असतं, आणि अशा पाण्यात तोच अमोनिया जास्त विषारी होतो. नळाचंच वापरा.

दोन फुटांचा टँक आता चालून जाईल, पण हे मासे पोहणारे आहेत. रासबोरा थव्याने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो, त्याला लांबी लागते, उंची नाही. जमलं तर तीन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच घ्या. त्यात साधारण शंभर लिटर पाणी बसतं. काच, रेती, गोटे धरून दीडशे किलोच्या आसपास वजन होतं, तेव्हा टीव्हीच्या स्टँडवर ठेवायचा विचारही करू नका. लोखंडी स्टँड बनवून घ्या आणि काचेखाली थर्माकोलची शीट घाला.

रंगीत खडे काढून टाका. मुरीला रेतीत शिरायचं असतं, टोकदार खड्यांनी तिचं पोट आणि मिशा सोलवटतात. शेजारी कुठे बांधकाम सुरू असेल तर अर्धं घमेलं बारीक रेती मागून आणा. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. दहा-पंधरा वेळा धुवावी लागेल, कंटाळू नका. त्यावर काळे गुळगुळीत गोटे, काही मुठीएवढे, दोन-तीन डोक्याएवढे. काळा दगड चांगला, तो पाण्यात काही सोडत नाही. पांढरा, ठिसूळ दिसणारा असेल तर त्यावर लिंबू पिळा, फेस आला की तो चुनखडीचा. तो ठेवू नका, संगमरवराचे तुकडेही नकोत.

आणि मग ओढा. हवेचा पंप बुडबुडे काढतो, पाणी वाहवत नाही. तुम्हाला हवा आहे पाण्याचा पंप, फिल्टरसह, जो टँकच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जोराची धार मारेल. शंभर लिटरच्या टँकला ताशी हजार लिटर फिरवणारा घेतला तर मजा येते. त्याच्या तोंडाला स्पंज बांधा, नाहीतर लहान मासे ओढले जातात. हवेची नळीही राहू द्या. घरात कुलरचा जुना पंप पडला असेल आणि तोच लावू म्हणत असाल तर माझं ऐका, लावू नका. त्याची वायर आणि सील कधी झिजलं हे कळत नाही, कुलरच्या पाण्यात करंट उतरून दर उन्हाळ्यात माणसं मरतात, आणि इथे तर लहान मुलगा त्या पाण्यात हात घालणार आहे. टँकमध्ये चालतो असाच पंप घ्या, अर्थिंग असलेल्या बोर्डावर लावा आणि हात घालण्याआधी बटण बंद करायची सवय त्याला आजच लावा.

पंप पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा घरातल्या सगळ्यांना बोलवा. सासूबाईंना आधी. तीन आठवडे कोपऱ्यात अंग चोरून बसलेले रासबोरा दोन-चार मिनिटं गोंधळतील, मग एकेक करून धारेकडे तोंड करतील. चारही एका रांगेत, डोकं वरच्या बाजूला, शेपटी हलते न हलतेशी, आणि मासा जागचा हलत नाही. एखादा कण धारेतून आला की एकजण पुढे झेपावतो, टिपतो आणि परत आपल्या जागी येतो. टिक्टो मोठ्या गोट्यामागे, जिथे धार तुटते, तिथे उभे राहतात आणि मधूनच धारेत शिरतात. ओढ्याच्या काठावर वरून बघताना आपल्याला फक्त पाठी दिसतात. हे बाजूने बघायला मिळतं ते काचेमुळे, आणि इतकी वर्षं हे मासे पाळूनही माझं जेवण कित्येकदा त्यांच्यासमोर गार होतं.

वर झाकण हवं. रासबोरा उडी मारतो. काचेचं घट्ट झाकण नको, लाकडी चौकटीला मच्छरजाळी ठोकून घ्या. जाळी का, ते आता उन्हाळ्याच्या गोष्टीत येईलच.

थंडीची काळजी करू नका. दुकानदार हीटर देईल, घेऊ नका. डिसेंबर-जानेवारीत रात्री बाहेर पारा दहाच्या खाली गेला तरी घरातलं पाणी सतरा-अठरापर्यंत राहतं, आणि ओढ्यातल्या माशाला ते रोजचंच आहे. आपली खरी कसोटी मे महिना.

नागपुरात पंचेचाळीस अंश हे काही नवल नाही. टँकमधलं पाणी खोलीइतकंच तापतं. वीस अंशांच्या पाण्यात प्राणवायू जास्तीत जास्त लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम विरघळतो, तीस अंशांना साडेसात, पस्तीसला सात. तुम्हाला वाटेल, फरक तो केवढा! पण पाणी दहा अंशांनी तापलं की माशाच्या शरीराची प्राणवायूची गरज दुपटीच्या आसपास जाते. पुरवठा घटतो आणि मागणी वाढते. टँकमध्ये वनस्पती असतील तर रात्री त्याही प्राणवायू घेतात, म्हणूनही मासे पहाटे वर येतात.

माझ्यावर हे बेतलेलं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी, नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू होता आणि आम्ही लग्नाला अमरावतीला गेलो. माझ्याकडे तेव्हा निळ्या-पिवळ्या रेघांचे डॅनिओ होते, अकरा, आणि एक मुरी. टँक पश्चिमेच्या भिंतीला होता. दुपारी लाइन गेली ती रात्रीपर्यंत आली नाही. पंप बंद, पंखा बंद, खिडक्या बंद. परत आलो तेव्हा अकराच्या अकरा डॅनिओ पाण्यावर उलटे पडले होते. पाण्यात हात घातला तर अंघोळीच्या पाण्याइतकं कोमट. मी टँक उपसायला घेतला तेव्हा रेती हलली आणि मुरी बाहेर आली, जिवंत. त्या संध्याकाळी मी ठरवलं की ज्या खोलीत मी स्वतः मे महिन्याची दुपार काढू शकत नाही तिथे मासा ठेवायचा नाही.

तेव्हा टँकची जागा आताच, मार्गशीर्षात, मे डोळ्यांसमोर ठेवून ठरवा. वरच्या मजल्यावर तापणाऱ्या स्लॅबखाली नको, पश्चिमेची भिंत नको, खिडकीचं ऊन नको. तळमजल्याची, घरातली सगळ्यात थंड खोली बघा. मार्च संपला की टँकच्या वर एक छोटा टेबलफॅन असा बांधा की वारा पाण्याच्या पृष्ठावरून जाईल. मच्छरजाळी यासाठीच. आपल्याकडची उन्हाळ्याची हवा कोरडी, म्हणून बाष्पीभवन झपाट्याने होतं आणि पाणी दोन ते चार अंशांनी उतरतं. कुलर खोली थंड करतो ते याच तत्त्वावर, तुम्हाला वेगळं सांगायला नको. पाणी रोज लिटर-दोन लिटर उडेल. उडतं ते निव्वळ पाणी, क्षार मागे राहतात, म्हणून रोजची भर आरओच्या पाण्याने घाला आणि आठवड्याचा चौथाई बदल नळाच्या पाण्याने चालू ठेवा.

गच्चीवरच्या टाकीचं पाणी मेमध्ये दुपारी चटका देतं. ते थेट घातलंत तर मासे भाजतील. पाणी पहाटे भरा आणि घरात जुना मातीचा रांजण असेल तर त्यात ठेवा. एका दिवसात क्लोरिनही जातं आणि पाणी गारही होतं, एका भांड्यात दोन कामं. माझ्याकडे आईच्या वेळचा रांजण आहे, तो आता फक्त माशांसाठीच भरला जातो.

टँकच्या पाण्याचा पारा तिशीच्या वर चढला तर एक लिटरची बाटली पाण्याने भरून फ्रीजरमध्ये गोठवा आणि बंद बाटली पाण्यावर तरंगत ठेवा. बर्फाचे खडे आत टाकू नका. तासाभरात दोन अंशांहून जास्त उतरलं तर बाटली काढा, एकदम बदललेलं तापमान माशाला उष्णतेइतकंच मारतं. थर्मामीटर काचेचा, आत बुडवायचा घ्या, बाहेरून चिकटवायच्या पट्टीवर माझा भरवसा नाही. लाइन जाण्यासाठी, घरात इन्व्हर्टर असेल तर पंप त्यावर घ्या, नसेल तर बॅटरीवरचा हवेचा पंप आणून ठेवा. तो महाग नाही. आणि उन्हाळ्यात खाद्य निम्म्यावर आणा.

हे सगळं मार्चच्या आत जमणार नाही असं वाटत असेल तर मला स्पष्ट लिहा. मग नागपुरातच कोणी थंड खोलीत, मोठ्या टँकमध्ये देशी मासे पाळणारं असेल त्यांच्याकडे हे आठ देऊन टाकणं मुलाला समजावून सांगता येईल. त्यात कमीपणा काही नाही.

खाद्याबद्दल थोडक्यात. दुकानातले बारीक दाणे चालतात, दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपतील एवढेच. पोहे, मुरमुरे, पोळी, पाव नको. आठवड्यातून एकदा पालकाचं पान किंवा दोडक्याची चकती उकळत्या पाण्यातून काढून घाला. ओढ्यात हे मासे मुख्यतः किड्यांच्या अळ्यांवर जगतात. कुलरच्या पाण्यात डासांच्या अळ्या सापडल्या तर चहाच्या गाळणीने गाळून, धुऊन घालता येतील, पण त्या पाण्यात औषध टाकलेलं नाही याची खात्री असेल तरच. आणि माशांच्या लोभाने कुलरचं पाणी साठवून ठेवू नका, आठवड्याला रिकामं करायचं ते करायचंच. डेंगूचे डास तिथेच होतात.

मुरीला जाळीने धरू नका, हेही आताच सांगते. तिच्या डोळ्याखाली एक बारीक काटा असतो, तो जाळीत अडकतो आणि ती धडपडून डोळा फोडून घेते. प्लास्टिकचा डबा आडवा धरून तिला आत शिरू द्या. अंगावर साखरेच्या दाण्यांसारखे पांढरे ठिपके कोणाच्या दिसले तर तो परजीवीचा रोग आहे. औषध मिळतं, पण मुरीची खवलं अगदी बारीक असतात, तिला औषध लवकर बाधतं, म्हणून लेबलावरच्या निम्म्या मात्रेने सुरुवात करा.

आता ‘अजून आणू’. ओढ्यात पहिल्या पावसात मासे अंडी घालायला वर चढतात. दिवाळीत तुमच्या मुलाने धरले ते बहुधा त्याच पावसातले. हिवाळ्यात ओढा आटतो, उन्हाळ्यात डोह उरतात, त्या डोहांतून जेवढे जगतात तेवढेच पुढच्या पावसात पुन्हा चढतात. वरून बागांमधली फवारणी त्याच पाण्यात उतरते. दर दिवाळीला प्रत्येक पोराने नऊ-नऊ मासे आणले तर त्या डोहांत काय उरेल, हे मुलाला कागदावर मांडून दाखवा. पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला अशा राखीव जंगलांतल्या ओढ्यातून तर एक मासासुद्धा उचलणं गुन्हा आहे. पुढच्या दिवाळीत त्याला ओढणीऐवजी एक वही आणि थर्मामीटर द्या. ओढ्याचं पाणी किती गार, किती खोल, धार कुठे आणि मासे कुठे उभे, हे लिहून आणू दे. मग घरचा टँक त्याच्यासारखा करता येईल. मी माझ्या टँकमधले गोटे आजही तशाच नोंदींवरून हलवते.

त्याला थवा मोठा हवाच असेल तर दुकानातून झेब्रा डॅनिओ आणा, सहा-आठ. तो भारतातल्याच ओढ्या-शेतांतला मासा आहे, दुकानात येतो तो पैदास केलेला, आणि जगभरच्या प्रयोगशाळांत त्याच्यावर संशोधन चालतं हे ऐकून मुलगा खूश होईल. आधी तीन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवून मगच या आठांत मिसळा. लाल-काळ्या रेघेचा डेनिसन बार्ब दुकानात फार देखणा दिसतो, पण तो केरळकडच्या डोंगरी नद्यांतला, बाजारासाठी बेसुमार धरला गेलेला आणि धोक्यात आलेला मासा आहे. तो नको.

राहिली तुमची मुरी. ती मरायला टेकलेली नाही. तिला कल्ल्यांबरोबर आतड्यानेही श्वास घेता येतो. वर येते, हवेचा घोट गिळते, त्यातला प्राणवायू आतड्यातून रक्तात जातो आणि उरलेली हवा मागून बुडबुड्याने बाहेर पडते. आटत्या डोहात, चिखलात ती याच्याच जोरावर तग धरते, आणि माझ्या त्या मे महिन्यात ती एकटी वाचली तीही यामुळेच. एखाद-दुसरा घोट ही तिची रीत. मात्र ती मिनिटामिनिटाला वर यायला लागली तर पाणी बिघडलं आहे, लगेच चौथाई बदला. रात्री दिवे घालवून, टॉर्चला लाल कागद लावून मुलाबरोबर टँकसमोर बसा. रेतीतून आधी मिशा बाहेर येतात, मग दोन डोळे.